ठेका यंत्राचा, भांडणं माणसांची : ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ची गोष्ट

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला हा एक रॉक बँड. १९८० साली सुरू झाला, आजही दौरे करतो, तिकिटं खपतात. इतक्या वर्षांत त्यांनी स्टुडिओत बसून केलेले पूर्ण अल्बम मोजून तीन. तिसरा आला १९९० साली, म्हणजे आपल्याकडे अजून घरोघरी कॅसेट वाजत होत्या तेव्हा. त्यानंतर नवी गाणी झाली, ती मंचावर वाजली, चाहत्यांना पाठही झाली. पण अल्बम काही आला नाही.

दुसरी गंमत सदस्यांची. गिटारवाले आले आणि गेले, बास वाजवणारे आले आणि गेले, एक वेळ तर अशी आली की बँड म्हणजे जवळजवळ एकच माणूस उरला होता. आजवर टिकून राहिलेले दोघेच : गायक अँड्र्यू एल्ड्रिच आणि ड्रम वाजवणारा ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांश’. त्यातला डॉक्टर माणूस नाही. ते ठेका देणारं यंत्र आहे.

गॉथिक रॉकच्या इतिहासात ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ हे नाव पहिल्या चार-पाचांत येतं, आणि गॉथिक म्हटलेलं एल्ड्रिचला बिलकूल खपत नाही. त्यांची गोष्ट सांगायला बसलं की संगीत थोडं आणि कागदपत्रं फार, असं होऊन बसतं. करार, नावाचे हक्क, आगाऊ रकमा, संप. म्हणूनच ती नीट उलगडून सांगण्याजोगी आहे.

आधी ‘गॉथिक’चं काय ते पाहू

गॉथ ही युरोपातली जुनी टोळी. रोमन साम्राज्याला त्यांनी जेरीला आणलं. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या इमारती आवडेनात, तेव्हा त्यांनी त्या शैलीला ‘गॉथिक’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे ‘रानटी’. मुळात ही शिवीच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना हीच शैली पुन्हा प्यारी झाली, आणि मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट त्याच लाटेत उभे राहिले. लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला गॉथिक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, वर पाहिलं की झालं.

मधल्या काळात शब्दाने आणखी एक वळण घेतलं. १७६४ साली होरेस वॉलपोल याने पडक्या किल्ल्यात घडणारी एक भुताटकीची कादंबरी लिहिली. तिच्या मागोमाग तशा कादंबऱ्यांचा पूर आला, आणि ‘गॉथिक’ म्हणजे अंधारे जिने, कोंडलेल्या बायका, शाप आणि मृत्यू असं समीकरण बसलं.

संगीतात हा शब्द आला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी. १९७६-७७ मध्ये पंकने इंग्लंड हलवून सोडलं होतं : तीन सूर, प्रचंड वेग, शिव्या. तो जोर दोन वर्षांत ओसरला. मागे उरलेल्या पोरांना पंकमधलं ‘आपलं आपण करा’ हे तत्त्व हवं होतं, पण तीच ती आदळआपट नको होती. नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडने १९७९ साली नऊ मिनिटांहून लांब असं पहिलंच सिंगल (सुटं गाणं विकायची छोटी रेकॉर्ड) काढलं, विषय होता पडद्यावर ड्रॅक्युला रंगवणारा नट बेला लुगोसी. लंडनमध्ये सूझी अँड द बॅन्शीज होते, क्रॉलीमधून द क्युअर आला. पत्रकारांनी या सगळ्यांवर एकच चिठ्ठी चिकटवली. वादकांपैकी फारच थोड्यांनी ती मनापासून स्वीकारली.

कानाने ओळखायचं तर खुणा साध्या आहेत. रॉकमध्ये एरवी बास गिटार मागे राहून आधार देते, इथे बहुतेक वेळा धून तीच वाजवते. गिटार भरघोस सूर छेडण्याऐवजी थेंब पडावेत तशी वाजते, प्रत्येक थेंबाला प्रतिध्वनी. ड्रमचा ठेका थंड, न डगमगणारा. आणि आवाज, विशेषतः पुरुषाचा असेल तर, खर्जात. एल्ड्रिचचा खर्ज इतका खोल की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं रेकॉर्ड कमी वेगाने फिरतेय.

लीड्स, १९८०

लीड्स उत्तर इंग्लंडमधलं, यॉर्कशरमधलं शहर. लोकर आणि तयार कपड्यांच्या धंद्यावर मोठं झालेलं, आणि त्या काळी तोच धंदा गळपटत चाललेला. मार्गारेट थॅचर नुकत्याच सत्तेवर आल्या होत्या, बेकारी वाढत होती. त्यातच ‘यॉर्कशर रिपर’ नावाने ओळखला जाणारा खुनी १९७५ पासून या भागात बायकांना मारत होता आणि १९८१ च्या जानेवारीपर्यंत तो पकडला गेला नव्हता. संध्याकाळनंतर रस्त्यावर बाईमाणूस एकटं दिसत नसे. लीड्समधून निघालेलं संगीत इतकं काळवंडलेलं का, याचं एका शब्दात उत्तर देता येणार नाही, पण ही हवा विसरून चालणार नाही.

याच शहरात भाडं स्वस्त होतं, विद्यापीठ मोठं होतं. विद्यापीठातल्या पोरांनी गँग ऑफ फोर आणि मेकॉन्ससारखे बँड आधीच काढले होते. जॉन कीनन नावाचा गृहस्थ ‘एफ क्लब’ चालवायचा, तिथे रोज नवा गोंगाट. एल्ड्रिच या क्लबच्या गर्दीतला. खरं नाव अँड्र्यू टेलर, जन्म १९५९, ईली गावचा. ऑक्सफर्डला फ्रेंच आणि जर्मन साहित्य शिकायला गेला, ते सोडलं, लीड्सला चिनी भाषा शिकायला आला, तीही सोडली. दुसरा पोरगा मार्क पियरमन, ज्याने स्वतःचं नाव गॅरी मार्क्स ठेवलं. मार्क्सला गिटार बेताची येत होती, एल्ड्रिचला ड्रम बेताचेच येत होते.

त्यांची महत्त्वाकांक्षा आजच्या हिशेबाने मजेशीर वाटेल : आपलं गाणं एकदा रेडिओवर ऐकायचं. बस्स. त्यासाठी रेकॉर्ड लागते, रेकॉर्डसाठी कंपनी लागते, म्हणून ‘मर्सिफुल रिलीज’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि १९८० साली पहिल्या सिंगलच्या हजार प्रती छापून घेतल्या. बीबीसीवरच्या जॉन पील यांनी ती वाजवली. पील तेव्हा देशभरच्या अनोळखी पोरांच्या रेकॉर्ड वाजवायचे. आपल्याकडे ‘आपली आवड’मध्ये नाव आलं की जो आनंद व्हायचा, त्याच जातीचा, फक्त गाणंही तुमचंच.

नाव घेतलं कॅनडाच्या लेनर्ड कोहेन यांच्या एका गाण्यावरून. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा खराखुरा नन्सचा संघ आहे, १८३१ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेला, शाळा-दवाखाने चालवणारा. काळ्या चष्म्यातल्या पोरांच्या टोळीने हे नाव घ्यावं यातला चावटपणा मुद्दाम होता. बोधचिन्हही तसंच : वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’मधलं चिरलेल्या डोक्याचं चित्र उचललं आणि मागे पाच टोकांचा तारा ठेवला. हे डोकं आजही त्यांच्या टी-शर्टांवर असतं.

डॉक्टरचा प्रवेश

पहिल्या रेकॉर्डनंतर एल्ड्रिचने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. चांगला ड्रमर शोधण्याऐवजी त्यांनी बॉस कंपनीचं ‘डीआर-५५’ नावाचं यंत्र आणलं. कंपनीनेच त्याला ‘डॉक्टर ऱ्हिदम’ म्हटलं होतं, त्यावरून ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांश’. अ‍ॅव्हलांश म्हणजे हिमकडा कोसळणं. यंत्र डब्याएवढं, नाव हिमालयाएवढं.

ड्रम मशीन कसं चालतं? रियाजाला लावतात तो इलेक्ट्रॉनिक तबला तुम्ही ऐकला असेल. त्यात ताल आधीच भरलेले असतात, आपण त्रिताल निवडतो, लय ठरवतो, सुरू करतो. डीआर-५५ मध्ये एक पायरी जास्त : ताल तुम्ही स्वतः भरायचा. सोळा मात्रांचं आवर्तन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सोळा रिकामी घरं. कुठल्या घरात मोठ्या ड्रमचा ‘धम’, कुठे स्नेअरचा ‘ठक्’, कुठे झांजेचा ‘च्स’, ते बटण दाबून नोंदवायचं. यंत्र ती घरं एकामागून एक फिरवत राहतं, थांबवेपर्यंत. डीआर-५५ कडे आवाज होते चारच. ड्रमसारखे वाटत होते असंही नाही, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखे.

माणूस वाजवतो तेव्हा ठेका किंचित श्वास घेतो. उत्साहात लय चढते, थकल्यावर सैल पडते, समेवर जोर येतो. तबलजीचं सगळं कौतुक या श्वासाचंच असतं. यंत्रात तो नाही. इतर बँड हा दोष झाकायचा प्रयत्न करत, सिस्टर्सनी तो पुढे आणून ठेवला. वर क्रेग अ‍ॅडम्सची फाटक्या, गुरगुरणाऱ्या आवाजाची बास, त्यावर गिटारचे थेंब, आणि सर्वांत वर खर्ज. खाली न बदलणारं काहीतरी चालू आहे आणि वर माणसं त्याच्याशी झगडताहेत, असा परिणाम होतो. माझ्या मते त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांची सगळी जादू एवढ्यातच आहे, काळ्या कपड्यांत नाही.

व्यवहारातही यंत्राचे फायदे भरपूर होते. गाडीत जागा कमी लागते. दारू पीत नाही, पैशात वाटा मागत नाही. आणि एक फायदा कुणी मोठ्याने बोलत नसे : ठेका भरायचा एल्ड्रिचने. चार जणांच्या बँडमध्ये ड्रमर हे एक मत असतं. ते मत आता गायकाच्या खिशात गेलं होतं.

१६ फेब्रुवारी १९८१ रोजी यॉर्क विद्यापीठात या मंडळींचा पहिला कार्यक्रम झाला. बँड आपला वाढदिवस याच तारखेला धरतो. थोड्याच दिवसांत बेन गन हा दुसरा गिटारवाला आला. यंत्रं बदलत गेली : रोलंडची ६०६ आणि ८०८, मग ओबरहाइमचं डीएमएक्स, पुढे यामाहा, अकाई, नंतर कॉम्प्युटर. नाव मात्र तेच. मठाच्या गादीसारखं, बसणारा बदलतो, गादी तीच. रेकॉर्डच्या वेष्टणावरही ड्रमवादक म्हणून डॉक्टरचंच नाव.

१९८२ चं ‘अ‍ॅलिस’ आणि १९८३ चं ‘टेंपल ऑफ लव्ह’ या दोन सिंगल्सनी त्यांना देशभर नेलं. ब्रिटनमध्ये १९८० पासून ‘इंडी चार्ट’ म्हणून वेगळी यादी निघायची. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डनाच तिच्यात जागा, त्यामुळे छोट्या मंडळींनाही वर चढता यायचं. सिस्टर्स त्या यादीत ठाण मांडून बसले. कार्यक्रमांत धूर इतका सोडत की पुढच्या रांगेलाही मंचावर कोण आहे ते दिसू नये. त्या धुरातून एकदम डॉली पार्टनचं ‘जोलीन’ सुरू व्हायचं, नाहीतर हॉट चॉकलेट या डिस्को मंडळींचं ‘एमा’. गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद. तो ज्यांना कळला नाही, त्यांनी एल्ड्रिचला अंधाराचा राजपुत्र समजून घेतलं.

मोठी कंपनी, पहिला अल्बम आणि नावाची मारामारी

१९८३ च्या अखेरीस बेन गन गेला आणि वेन हसी आला. हसी ‘डेड ऑर अलाइव्ह’मधून आलेला, बारा तारांची गिटार छान वाजवायचा. १९८४ मध्ये डब्ल्यूईए या बड्या कंपनीशी करार झाला. मार्च १९८५ मध्ये ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या खपाच्या मुख्य यादीत १४ व्या क्रमांकावर पोहोचला. त्यातल्या बऱ्याचशा चाली मार्क्स आणि हसीच्या, शब्द बहुतेक एल्ड्रिचचे. नाव सार्थ ठरलं : या चौघांचा तो पहिलाही आणि शेवटचाही.

अल्बम दुकानात पोहोचतो न पोहोचतो तोच मार्क्स बाहेर पडला. ज्याने बँड सुरू केला त्यातलाच एक. १८ जून १९८५ रोजी उरलेल्यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केला, आणि काही महिन्यांत हसी व अ‍ॅडम्सही गेले. दुसऱ्या अल्बमची तयारी चालू असतानाच बोलणी फिसकटली.

आता प्रश्न आला नावाचा. जुन्या संगीत नाटक कंपन्या फुटल्या की नटसंच एकीकडे, पडदे दुसरीकडे, आणि पाटी कुणाची यावर वाद. इथेही तेच. एल्ड्रिचचं म्हणणं होतं की वेगळे झालो तर जुनं नाव कुणीच वापरायचं नाही असं आपलं ठरलं होतं. हसी आणि अ‍ॅडम्सनी नवा बँड काढला आणि त्याला नाव दिलं ‘द सिस्टरहुड’. सिस्टर्सचे पक्के चाहते स्वतःला याच नावाने ओळखत. म्हणजे पाटी जुनी नव्हती, पण गिऱ्हाईक बरोबर जुनंच येईल अशी होती.

कायद्याची बाजू थोडक्यात. बँडचं नाव म्हणजे धंद्याची पत. ब्रिटनमध्ये नाव नोंदलेलं नसलं तरी, कुणी दुसऱ्याच्या पतीवर आपला माल खपवत असेल तर त्याला अडवता येतं. पण त्यासाठी त्या नावाने आधी धंदा केलेला असावा लागतो. मग नाव कुणाचं? ज्याच्या मालावर ते पहिल्यांदा छापून आलं त्याची बाजू भक्कम. आणि एल्ड्रिचकडे स्वतःची रेकॉर्ड कंपनी होतीच की.

१९८६ च्या सुरुवातीलाच त्याने ‘द सिस्टरहुड’ याच नावाने एक सिंगल बाजारात आणलं. गायला होता जेम्स रे, एल्ड्रिच स्वतः नव्हे. हसीच्या मंडळींना नाव बदलावं लागलं, त्यांनी ‘द मिशन’ हे नाव घेतलं आणि पुढे त्याच नावाने उत्तम चालले. एल्ड्रिच तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी त्याने सिस्टरहुडचा अख्खा अल्बम काढला, ‘गिफ्ट’. तो तेव्हा हॅम्बुर्गमध्ये राहायचा, आणि जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. अल्बम सुरू होतो तोच एक आकडा वाचून : दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. पंचवीस हजार पौंड. या भांडणात गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीची जी आगाऊ रक्कम पणाला लागली होती, तिचा हा उल्लेख असल्याचं मानलं जातं. शत्रूला हिशेब गाऊन दाखवणारा दुसरा कुणी माझ्या माहितीत नाही.

एकटा माणूस आणि चाळीस जणांचा कोरस

नाव वाचलं, पण बँड उरला नव्हता. एल्ड्रिच, डॉक्टर, आणि अमेरिकेहून आलेली पॅट्रिशिया मॉरिसन, आधी ‘द गन क्लब’मध्ये बास वाजवणारी. इथून सिस्टर्सचा सर्वांत भव्य अल्बम निघाला, ‘फ्लडलँड’, नोव्हेंबर १९८७. माणसं जितकी कमी, आवाज तितका मोठा.

त्यातल्या ‘धिस करोजन’ या गाण्यासाठी एल्ड्रिचने जिम स्टाइनमन यांना गाठलं. मीट लोफ या अमेरिकन गायकासाठी नाटकी, ढगाएवढी गाणी लिहिणारे हेच. स्टाइनमननी न्यूयॉर्क कोरल सोसायटीतले चाळीस गायक आणून उभे केले. गाणं अल्बमवर जवळजवळ अकरा मिनिटं चालतं आणि त्यातले शब्द, एल्ड्रिचच्या म्हणण्यानुसार, हसीच्या शैलीची नक्कल आहेत. म्हणजे चाळीस लोकांचा चर्चसारखा कोरस कशासाठी, तर जुन्या सोबत्याला चिमटा काढायला. ब्रिटनमध्ये ते ७ व्या क्रमांकावर गेलं, अल्बम ९ व्या. ‘डोमिनियन’ या पुढच्या गाण्याचा व्हिडिओ जॉर्डनमधल्या पेट्राच्या कोरीव कड्यांत चित्रित झाला, तर ‘लुक्रेशिया माय रिफ्लेक्शन’साठी कॅमेरा भारतात आला होता.

मॉरिसन या काळाचा चेहरा होती : काळे केस, लेसचे कपडे, एल्ड्रिचच्या शेजारी पुतळ्यासारखी उभी. आजही गॉथ वेशभूषेत तिची छाया दिसते. अल्बमवर तिचं काम नेमकं किती, यावर दोघांचं पुढे जमलं नाही आणि तीही गेली. नंतर ‘द डॅम्ड’ या पंक बँडमध्ये दिसली.

तिसरा अल्बम ‘व्हिजन थिंग’ १९९० चा. आता गिटारी पुढे आल्या, अमेरिकन हार्ड रॉकसारख्या. मंडळी पुन्हा नवी : जर्मनीचा आंद्रेआस ब्रून, ‘ऑल अबाउट ईव्ह’चा टिम ब्रिचेनो, बासवर टोनी जेम्स. नाव अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या एका गाजलेल्या उद्गारावरून उचललेलं, आणि शब्दांत राजकारण ठासून भरलेलं. थडगी-वटवाघळं शोधणाऱ्याला इथे तेल, शस्त्रं आणि डॉलर सापडतात. मला हा अल्बम ‘फ्लडलँड’च्या पायरीचा वाटत नाही, पण ज्यांनी सिस्टर्सना भुताखेतांचा बँड ठरवलं होतं, त्यांना त्याने तोंडावर उत्तर दिलं.

१९९१ हे वर्ष शिखराचं. रेडिंग महोत्सवात शेवटच्या रात्रीचे मुख्य कलाकार हेच. अमेरिकेत त्यांनी हिपहॉपमधल्या ‘पब्लिक एनिमी’बरोबर एकत्र दौरा काढला. काळ्या कपड्यांतले गोरे पोरगे आणि पब्लिक एनिमीचे चाहते एका सभागृहात येणार म्हणून काही ठिकाणच्या मंडळींनी हात आखडता घेतला, तिकिटंही जेमतेम खपली, दौरा अर्ध्यात आटोपावा लागला. पुढच्या वर्षी ‘टेंपल ऑफ लव्ह’ नव्याने केलं. त्यात इस्रायलची, येमेनी ज्यू घराण्यातली गायिका ओफ्रा हाझा हिचा आलाप आहे. तो सुरू झाला की डॉक्टरचा ठेकाही क्षणभर वाळवंटातला वाटतो. हे गाणं ३ ऱ्या क्रमांकावर गेलं. याहून वर ते कधीच चढले नाहीत.

संप

इथून पुढे अल्बम का नाहीत, ते कळायला रेकॉर्ड कंपनीचा करार कसा असतो ते पाहावं लागेल.

कंपनी कलाकाराला सुरुवातीला मोठी रक्कम देते. ती बक्षीस नसते, उचल असते. ऊसतोड मुकादमाची उचल माहीत असलेल्याला हे पटकन समजेल. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओचा खर्च, जाहिरात, यातला बराचसा भाग कलाकाराच्या वाट्यातून वळता होतो. उचल फिटेपर्यंत रेकॉर्डच्या विक्रीतून हातात काही पडत नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची. आणि कलाकार लिहून देतो की अमुक इतके अल्बम देईन, आणि ते देईपर्यंत दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्ड करणार नाही. ही शेवटची ओळ सर्वांत जड.

पण या करारात दोन फटी असायच्या. गाण्याचे शब्द आणि चाल यांचं मानधन वेगळ्या वाटेने, प्रकाशनाच्या हिशेबातून येतं. आणि मंचावरचे कार्यक्रम कराराच्या बाहेर. तिकीट विका, टी-शर्ट विका, कंपनीचा संबंध नाही.

डब्ल्यूईएचा कारभार एव्हाना ईस्टवेस्ट या त्याच समूहातल्या कंपनीकडे आला होता. एल्ड्रिचचा आरोप होता की कंपनी अकार्यक्षम आहे आणि हक्काचे पैसे अडकवते. १९९३ मध्ये गाजलेल्या गाण्यांचा संग्रह देऊन झाल्यावर त्याने जाहीर केलं की आपण संपावर आहोत. गिरणीतला संप असतो तसा : कामगार आहे, यंत्र आहे, उत्पादन बंद. फरक इतकाच की इथे कामगार सहज दौऱ्यावर जाऊन पोट भरू शकत होता, म्हणून संप मोडण्याची घाई त्याला नव्हती. कंपनीला मात्र करारातले उरलेले अल्बम हवे होते.

१९९७ मध्ये तोडगा निघाला. कंपनीने उरलेल्या अल्बमच्या बदल्यात एकच ध्वनिमुद्रण घेऊन करार सोडायचं कबूल केलं. एल्ड्रिचने ते दिलं, पण सिस्टर्सच्या नावाने नव्हे. बँडचं नाव ठेवलं ‘एसएसव्ही’ आणि त्यामागे इंग्रजी अक्षरांची आगगाडी. तिचा विस्तार सुरू होतो ‘भागधारकांचा फायदा गेला चुलीत’ अशा अर्थाने आणि संपतो मूळ मालक टाइम वॉर्नरमधल्या लोकांना मूर्ख म्हणून. संगीत म्हणावं तर इलेक्ट्रॉनिक सूर एकसारखे घुमताहेत आणि वर एल्ड्रिच तीच ती वाक्यं पुटपुटतोय. ते कधीच अधिकृतपणे विक्रीला आलं नाही, चाहत्यांत चोरून फिरत राहिलं. कराराची पूर्तता झाली.

त्या ध्वनिमुद्रणात ड्रम नव्हते. डॉक्टरला एल्ड्रिचने त्या कामाला लावलंच नाही.

आता

करार सुटला, तरी अल्बम आला नाही. सुरुवातीला कारण कंपनी होती, नंतर कारणाची गरजच राहिली नाही. कार्यक्रमाचे पैसे मिळतात, नवी गाणी मंचावर वाजतात, लोक मोबाइलवर टिपून घेतात. एल्ड्रिचने अनेकदा सांगितलंय की अल्बम काढण्यात त्याला आता काही मजा वाटत नाही. २०१६ मध्ये तो म्हणाला होता की डोनाल्ड ट्रम्प खरंच राष्ट्राध्यक्ष झाले तर अल्बम काढायला ते कारण पुरेसं आहे. ट्रम्प झाले, पुन्हा एकदाही झाले. चाहते मोजत बसले आहेत.

गॉथिक या शब्दाशी त्याचं भांडणही चालूच आहे. तो म्हणतो आम्ही रॉकवाले, हवं तर पॉपवाले म्हणा. काळे कपडे घालून समोर उभ्या असलेल्या हजारो लोकांना हे सांगायचं म्हणजे वारीत जाऊन आपण विठ्ठलाचे नाही म्हणण्यासारखं आहे, पण तो सांगतो. आणि नीट ऐकलं तर त्याचं अगदीच खोटं नाही : त्याच्या गाण्यात वटवाघळांपेक्षा रेल्वे, युद्ध आणि परराष्ट्रधोरण जास्त आहे.

मंचावर हल्ली दोन गिटारवाले असतात, दोघेही एल्ड्रिचपेक्षा बरेच तरुण. बास वाजवायला माणूस नाही, बासही आता डॉक्टरच्याच पोटात. मागे यंत्रांशेजारी एक जण उभा असतो, लॅपटॉप सांभाळायला. ड्रमर नव्हे तो. बँडच्या भाषेत तो डॉक्टरची ‘नर्स’. धूर सुटतो, नर्स बटण दाबते, आणि चष्मा लावलेला, आता टक्कल केलेला एक माणूस माइककडे चालत येतो, पहिल्या मात्रेच्या थोडा मागेच.